कोल्हापूरच्या पावसात चाफा

चाफ्याचं विचारलं की सगळे एकच सांगतात, "फांदी खोवा, येतोय आपोआप." येतोही. पण फांदी खोवून पाच-सहा वर्षं नुसती पानंच बघत बसलेली माणसं माझ्या ओळखीत बरीच आहेत, आणि जून संपायच्या आत ज्यांची फांदीच कुजली अशी त्याहून जास्त. मी २०२२ च्या जानेवारीत या कामाला लागले. अंगणात आणि गच्चीवर मनाजोगी फुलं आली ती २०२५ च्या उन्हाळ्यात. मधे काय काय झालं ते क्रमाने लिहिते. हे सगळं कोल्हापूरचं आहे, म्हणजे जून ते सप्टेंबर पाऊस, आषाढात आठ-आठ दिवस उन्हाचं तोंड न दिसणं, आणि पायाखाली काळी माती. सोलापूरकरांनी पाण्याचं गणित आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावं.

लिहिते आहे ते देवळाशेजारी असतो त्या पांढऱ्या चाफ्याबद्दल, म्हणजे देवचाफ्याबद्दल, आणि त्याच्याच लाल-गुलाबी भावंडांबद्दल. सोनचाफा वेगळा. त्याला पाणी आवडतं, त्यामुळे त्याला यातलं काही लावू नका.

सुरुवात कागदपत्रांनी झाली. माहेरी शिवाजी पेठेत दादाच्या परसात जुना पांढरा चाफा आहे. त्याच्या दोन-तीन फांद्या शेजाऱ्यांच्या कौलांवर टेकल्या होत्या आणि पावसाळ्यापूर्वी त्या काढणं भाग होतं. दादा म्हणाला, "आपलंच झाड, आपल्याच परसात, कुणाला विचारायचंय?" पण शहरी हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड स्वतःच्या जागेत असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि 'झाड तोडणे' या व्याख्येत झाडाला इजा करणंही येतं. म्हणून रीतसर महापालिकेत अर्ज केला. सोबत जोडलं ते असं: घरफाळ्याची चालू वर्षाची पावती, आधारची झेरॉक्स, झाडाचे दोन बाजूंनी काढलेले फोटो आणि शेजाऱ्यांचं चार ओळींचं पत्र की फांद्या आमच्या छपरावर येतात. शेजाऱ्यांचं पत्र कुणी मागितलं नव्हतं, पण त्याचा उपयोग झाला. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्यांनी पहिल्यांदा तेच वाचलं.

झाडाचं अंदाजे वय काय, या प्रश्नावर आम्ही अडलो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्यापुढची झाडं वारसा वृक्ष धरली जातात आणि त्यांचे नियम कडक आहेत. आई म्हणाली, दादाच्या मुंजीच्या वर्षी वडिलांनी जोतिबाच्या डोंगरावरून फांदी आणलेली. हिशेब केला तर पस्तिशीच्या आसपास निघालं. तेच लिहिलं. टेपने बुंध्याचा घेर मोजला गेला, काढायच्या फांद्यांवर खडूने खुणा झाल्या, आणि फेब्रुवारीच्या शेवटी पत्र हातात आलं: खुणा केलेल्या फांद्याच काढायच्या, बुंध्याला हात लावायचा नाही. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी अर्ज डिसेंबर-जानेवारीतच द्यावा. चाफा तेव्हा निष्पर्ण असतो, फांदी कापली तर जखम लवकर सुकते, आणि पुढे कापलेल्या फांद्या लावायला उन्हाळा समोर असतो. एप्रिल-मे उजाडला की पावसाळ्यापूर्वीच्या फांद्यांची सगळ्या शहराची कामं एकदम निघतात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात फांद्या उतरवल्या. झाडावर चढणाऱ्या मामांनी बाराशे रुपये घेतले. चाफा हा कण्हेरीच्या कुळातला आहे, कापला की पांढरा चीक वाहतो. तो अंगाला लागला तर खाज येते आणि डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. मामांना दादाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट आणि मोटारसायकलचा गॉगल दिला. त्या अवतारात त्यांना बघायला गल्लीतली सगळी पोरं गोळा झाली.

फांदी निवडताना माळीकाकांनी सांगितलेलं तेवढं मी लक्षात ठेवलं. हिरवीगार, लुसलुशीत फांदी घ्यायची नाही. साल करडी पडलेली, अंगठ्याहून जाड, दीड-एक फुटाची घ्यायची. कापलेली टोकं पाण्याने धुतली, म्हणजे चीक वाहायचा थांबतो, आणि सगळ्या फांद्या कळंब्याला माझ्या घरी आणून व्हरांड्यात सावलीत उभ्या करून ठेवल्या. दोन आठवडे तशाच. हे दोन आठवडे मनाला पटत नाहीत. फांद्या सुरकुततात, वाळल्यासारख्या दिसतात, येणारा-जाणारा "अगं, लाव की त्या, मरतील" म्हणतो. पण कापलेल्या तोंडावर कोरडी, टणक खपली धरल्याशिवाय मातीत घातली तर तिथूनच बुरशी शिरते. चाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. कोरड्या, खडकाळ उतारांवर वाढणारा, जाड खोडात पाणी साठवून महिनोन्महिने काढणारा. दोन आठवड्यांत तो मरत नाही.

सासूबाईंचा आक्षेप निराळा होता. "चाफा दारात लावत नाहीत. त्याची जागा देवळात, नाहीतर मसणवट्यात." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. दारासमोर लावायचा नाही, बाजूच्या अंगणात आणि गच्चीवर लावायचा, असं ठरलं.

आता माती. माझ्या मते चाफ्याचं नव्वद टक्के काम इथेच होतं किंवा बिघडतं. कळंब्याच्या आमच्या अंगणातली माती काळी आहे. उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पंधरा-पंधरा दिवस पाणी धरून बसते. उसाला ती चांगली, चाफ्याच्या मुळांना नाही. म्हणून जमिनीत खड्डा खणलाच नाही. उलट मुरूम, विटांचे तुकडे आणि पन्हाळ्याच्या बाजूची तांबडी माती टाकून दीड फूट उंचीचा उंचवटा केला आणि फांदी त्याच्या माथ्यावर लावली. बांधकामावर उरलेला मुरूम फुकट मिळाला, तांबडी माती आणि टेंपोभाडं मिळून नऊशे रुपये झाले. कुंड्यांसाठी तांबडी माती, जाड वाळू आणि विटांचे तुकडे सारख्या मापाने घेतले आणि त्यात एखादी ओंजळ शेणखत, बस्स. कुंड्या मातीच्या घेतल्या, कारण त्यांच्या अंगातून ओल निघून जाते. बुडाची भोकं मात्र कुंभाराकडूनच मोठी करून घेतली. साखर कारखान्याच्या मळीचं खत आमच्याकडे स्वस्त मिळतं, पण ते ओल फार धरतं. कुंडीतल्या चाफ्याला मी ते घातलं नाही.

फांदी चार बोटं खोल पुरली, बांबूच्या काठीला सुतळीने बांधली आणि एकदाच पाणी दिलं. त्यानंतर पानं फुटेपर्यंत जवळजवळ काही नाही. एप्रिलमध्ये टोकाला हिरवे कोंब दिसले आणि घरात आनंदीआनंद झाला, पण तेव्हाही पाण्याचा पाइप धरायचा मोह आवरावा लागतो. पहिली पानं फांदीतल्या साठवणीवर येतात, मुळ्या त्यानंतर फुटतात. त्यांना दीड-दोन महिने लागतात. तोवर फांदी हलवून, ओढून बघायची नाही.

मे अखेरीला वळीव झाला आणि मृग लागल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. कुंड्या पोर्चच्या पत्र्याखाली घेतल्या. जागा पुरेना, म्हणून तीन गच्चीवरच राहिल्या. जुलैत त्यातल्या दोघींचं बूड काळं, मऊ पडलं. दाबलं की पाणी यायचं आणि आंबट वास. माळीकाकांना फोन केला तर म्हणाले, "ताई, वर कापत जावा, आत पांढरं लाकूड लागंस्तोवर. मग पुन्हा सुकवा. पर या हवेत सुकंल असं काय मी सांगत न्हाई." एक जगली, एक गेली. उंचवट्यावरचा चाफा मात्र उघड्यावर सगळा पाऊस खाऊन ठणठणीत उभा होता. तेव्हापासून मला कुणी चाफ्याचं खत विचारलं की मी आधी पाणी कुठून जातं ते विचारते.

ऑक्टोबरमध्ये एका रोपवाटिकेतून गुलाबी चाफ्याचं कलम घेतलं, साडेपाचशे रुपयांना. फुलं असलेलं रोप होतं, त्यामुळे रंगाची खात्री झाली. घरी आणून बघितलं तर पिशवीत सगळा नुसता कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वरून कोरडा आणि आत चिंब. हिवाळ्यात त्याला हात लावला नाही. फेब्रुवारीत मुळांवरचा कोकोपीट अलगद झटकून माझ्या मिश्रणात लावलं. कलम घेताना जोड कुठे आहे ते बघून ठेवा. जोडाच्या खालून फुटणारे कोंब मूळ झाडाचे असतात, ते लगेच खुडायचे, नाहीतर दोन वर्षांनी गुलाबीच्या जागी भलतंच फूल बघायला मिळतं.

डिसेंबरात सगळ्या झाडांची पानं पिवळी पडून गळाली. हे व्हायचंच असतं. या दिवसांत कुंडीला मी तीन आठवड्यांतून एकदा तांब्याभर पाणी देते आणि जमिनीतल्याला अजिबात नाही. खतही नाही. माझ्या मैत्रिणीने याच दिवसांत काळजीपोटी रोज पाणी घालून दोन झाडं घालवली.

२०२३ हे वर्ष पानांचं. कलमाला एप्रिलमध्ये दोन घोस आले, घरच्या फांद्यांना नुसती हातभर पानं. करवीर तालुक्यातल्या चुलतभावाचा ऊस आहे. तो म्हणाला, "मूठभर युरिया टाक की, कसं येत नाही बघू." त्याच्या समाधानासाठी एका कुंडीला घातला. पानं अशी झाली की म्हशीला घालावीत, आणि फुलाचा पत्ता नाही. युरियात फक्त नत्र असतं, आणि नत्र वाढलं की झाड पानांच्याच मागे लागतं. फुलासाठी ऊन लागतं, दिवसाला किमान सहा तास, आणि तेही थेट. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलेली कुंडी उन्हात सरकवली, एवढ्यावर पुढच्या वर्षी तिच्यात फरक पडला.

त्याच वर्षी श्रावणाच्या सुमारास पानांच्या खाली केशरी पुरळ दिसायला लागलं. बोट फिरवलं की बोटाला हळदीसारखी पूड. चुलतभावाने बघताक्षणी ओळखलं, "हा तांबेरा." सोयाबीनवर येतो तो वेगळ्या बुरशीचा, चाफ्याचा वेगळा, पण चाल एकच: दमट हवा, ओली पानं, दाटी. लागलेली पानं तोडून पिशवीत बांधून कचरागाडीत दिली. खताच्या खड्ड्यात टाकायची नाहीत. कुंड्यांमध्ये हात-हातभर अंतर ठेवलं आणि पावसाने उघडीप दिल्यावर कृषी सेवा केंद्रातून आणलेलं कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक पाकिटावरच्या प्रमाणात फवारलं. तांबेऱ्याने झाड मरत नाही. पानं महिना-दीड महिना आधी गळतात, एवढंच. पहिल्यांदा बघणाऱ्याचा मात्र जीव खालीवर होतो. पिठ्या ढेकूण उन्हाळ्यात कळ्यांच्या देठाशी येतो. त्यावर पाण्याची जोरदार धार आणि निंबोळी तेल पुरलं.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते म्हणजे भरपूर फुलं. चाफ्याला फूल फांदीच्या टोकावर येतं. म्हणजे जितकी टोकं तितके घोस. आणि घोस येऊन गेला की त्याच्या खालून फांदीला दोन-तीन फाटे फुटतात. दोन फाट्यांवर पुढच्या खेपेला दोन घोस, त्यांचे पुन्हा चार-सहा. म्हणून पहिली काही वर्षं चाफा कंजूस वाटतो आणि नंतर अचानक उदार होतो. छाटणी करून हे लवकर घडवता येतं, पण त्याची किंमत आहे. छाटलेल्या फांदीवर बहुधा तो हंगाम फुकट जातो. २०२४ च्या फेब्रुवारीत, पानं यायच्या आधी, मी अंगणातल्या झाडाच्या निम्म्याच फांद्या छाटल्या, निम्म्या ठेवल्या. छाटलेल्या प्रत्येकीला मेपर्यंत दोन ते चार फुटवे आले. कात्री दर झाडानंतर स्पिरिटने पुसत होते आणि पावसाचं चिन्ह नसलेला आठवडा निवडला होता. उघड्या जखमेवर वळीव पडू द्यायचा नाही.

खताचं वेळापत्रक तेव्हापासून एकच आहे. मार्चमध्ये कोंब दिसले की कुंडीला दोन मुठी जुनं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. मे महिन्यात गांडूळ खत. जूननंतर काही नाही. डीएपी या रासायनिक खताचे दाणे घालणारेही आहेत. मी घातले नाहीत आणि काही अडलं नाही. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र कुंडीला पाणी नियमित लागतं, वरची माती दोन बोटं कोरडी झाली की भरपूर द्यायचं आणि खालून निघून जाऊ द्यायचं. कोरडा चाफा म्हणून ऐन कळ्यांच्या दिवसांत तहानलेला ठेवला तर कळ्या गळतात.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली तेव्हा आमच्या भागात पूर नव्हता, पण पाऊस असा होता की पोर्चखालच्या कुंड्याही तिरक्या सरींनी भिजत होत्या. त्या आडव्या कलत्या करून विटेला टेकवून ठेवल्या, म्हणजे वरून पडलेलं पाणी मातीत मुरण्याआधी काठावरून वाहून जातं. ही युक्ती माळीकाकांची. त्या पावसात एकही गेली नाही.

आणि २०२५. मार्चअखेरीस अंगणातल्या झाडाच्या टोकांवर पानांच्या आधीच कळ्यांचे बोंड दिसले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलं फूल, आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत झाड असं फुललं की सकाळी खाली पडलेली फुलं वेचायला परडी पुरेना. एक घोस महिना-दीड महिना चालतो, रोज दोन-चार फुलं उमलतात. वास संध्याकाळनंतर वाढतो. त्या वासावर मोठे पतंग येतात, फुलात मध असेल म्हणून सोंड घालून बघतात आणि तसेच जातात, कारण चाफ्याच्या फुलात मध नसतोच. परागीभवनाचं काम मात्र फुकटात करून जातात. माझ्या लेकीने याला सरळ सरळ फसवणूक म्हटलं.

मग मे महिन्यातच पाऊस आला. त्या वर्षी महाराष्ट्रात पाऊस किती लवकर आला ते सगळ्यांना आठवत असेल. उमललेली फुलं एका रात्रीत चिखलात गेली, कळ्या तपकिरी पडून गळाल्या. दोन-तीन दिवस वाईट वाटलं. पण टोकांवर मागाहून येणारे घोस होते, ते जूनच्या उघडिपीत फुलले. पत्र्याखालच्या कुंड्यांमधला बहर तर अखंड चालला. कोल्हापुरात दोन झाडं लावणार असाल तर एक आडोशाला ठेवा, ते यासाठी.

पैशांचा हिशेब विचाराल तर तीन वर्षांत माती, कुंड्या, कलम, औषध, मामांची मजुरी धरून पाच हजारांच्या आत काम झालं. सासूबाई गच्चीवरची फुलं देवाला घेतात. दारात लावत नाहीत या मुद्द्यावर त्या अजून ठाम आहेत.

गुलाबी कलमाला २०२४ च्या उन्हाळ्यात शिंगांसारखी जोडशेंग धरली होती. ती आठ-नऊ महिने तशीच टांगलेली होती आणि २०२५ च्या मार्चमध्ये तडकली. आतून पंख असलेल्या बिया निघाल्या. त्या उडून जाऊ नयेत म्हणून जानेवारीतच शेंगेला मलमलीचं फडकं बांधून ठेवलं होतं. ओल्या वाळूत पेरल्या, दोन आठवड्यांच्या आत बऱ्याचशा उगवल्या. बियांच्या झाडाला फूल यायला तीनेक वर्षं तरी लागतात आणि रंग आईचाच येईल याची खात्री नसते. रोपं आता वीतभर झाली आहेत आणि गच्चीवर जागा संपली आहे. दादाला विचारलं तर म्हणतो, "आण इकडं, पर आधी घरफाळ्याची पावती घेऊन ये."